बँक परदेशी पैसे पाठवायला नाही म्हणते तेव्हा

परदेशातल्या परिषदेची नोंदणी फी भरायला बँकेत गेलात आणि काउंटरवर "होणार नाही" एवढंच उत्तर मिळालं, तर लगेच परत फिरू नका. नकार कसा द्यायचा, यालाही नियम आहे.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजेच फेमा. त्याच्या कलम १० मधलं उपकलम ५ काढून वाचा. व्यवहारात कायदा मोडला जात नाही याची खात्री करायला बँक तुमच्याकडे घोषणापत्र आणि माहिती मागू शकते. ती दिलीच नाही किंवा अर्धवट दिली, तर बँकेने व्यवहार नाकारायलाच हवा, आणि तोही लेखी.

म्हणून आधी आपले कागद पक्के करा: पॅन, ए-२ फॉर्म, परिषदेचं पत्र, फीचं बिल. एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपली फी त्याच्या आसपासही जात नाही.

तरीही नकार आला, तर कारण लेखी मागा आणि बँकेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे तोंडी "नाही" दाखवता येत नाही, कागद दाखवता येतो.