दोन ताऱ्यांचा क्वार्टरबॅक

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला ब्लूमिंग्टनला आलो, तेव्हा फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ आहे एवढीच माझी समजूत होती. सप्टेंबरातल्या एका शनिवारी रूममेटने मला इंडियाना विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर ओढून नेले. तिकीट खिडकीवर उभ्या उभ्या मिळाले, कारण निम्मे बाक रिकामे होते. इंडियाना हरणारच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या हरणाऱ्या संघात अँटवान रँडल एल नावाचा क्वार्टरबॅक होता. तीन दांडगे गडी अंगावर आले की हा मधूनच पाण्यासारखा निसटायचा. त्या दुपारी या खेळाचे वेड लागले, ते आजवर उतरलेले नाही. हाच रँडल एल पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये चेंडू झेलणारा रिसीव्हर झाला, आणि २००६ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात त्याने स्वतः चेंडू फेकून टचडाउन करून दिला. तो पास मी आजही यूट्यूबवर काढून बघतो.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न, आणि चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा क्वार्टरबॅक. विद्यापीठ फुटबॉलच्या वरच्या गटात एकशे तीसहून अधिक विद्यापीठे आहेत आणि शनिवारी त्यांतल्या काहींच्या मैदानांवर लाखभर माणसे जमतात. बाकीचे नियम टीव्हीसमोर बसून दोन सामन्यांत कळतात.

खरी गंमत मैदानाबाहेर आहे. व्यावसायिक लीगमध्ये सर्वांत दुबळ्या संघाला नवा खेळाडू निवडण्याचा पहिला मान मिळतो. विद्यापीठांत तसे नाही. तिथे शाळेतला मुलगाच विद्यापीठ निवडतो, आणि प्रशिक्षक त्याच्या घरी जाऊन आईवडिलांची मनधरणी करतात. म्हणून कुठला मुलगा किती मोलाचा, हे आधीच सांगणाऱ्यांचा एक मोठा धंदा उभा राहिला. शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी करणारा टॉम लेमिंग या धंद्याच्या आद्य माणसांपैकी एक. देशभर गाडी हाकत तो शाळाशाळांतून मुले बघायचा आणि त्यांच्यावर स्वतःचे मासिक काढायचा. आता टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन हे सगळे मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पंचतारांकित मुले वर्षाला सुमारे बत्तीसच, कारण व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत बत्तीस नावे असतात. चार ताऱ्यांची मुले काही शे, आणि तीन ताऱ्यांची हजारांत.

हे तारे खरे ठरतात का? पंचवीस वर्षे या याद्या वाचून माझे मत असे झाले आहे की जमावाबद्दल ते खरे बोलतात, एकट्या मुलाबद्दल मात्र नाही. व्यावसायिक संघांत तीन ताऱ्यांचे खेळाडू पुष्कळ दिसतात, आणि त्यावरून तारे निरर्थक आहेत असे म्हणणारे प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. हे गणित चुकीचे आहे. हजारांतून शंभर निघाले आणि बत्तिसांतून पंधरा निघाले, तर मोजताना शंभरच जास्त दिसणार. पण आपला मुलगा कुठल्या गटात असावा असे कुणालाही विचारा. २०१८ च्या यादीत पहिला असलेला ट्रेव्हर लॉरेन्स क्लेमसनला गेला, पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला आणि २०२१ च्या व्यावसायिक निवडीतही पहिलाच निवडला गेला.

जमावाचा हा नियम संघांच्या बाबतीत तर फारच कडक निघाला. बड इलियट या पत्रकाराने एक साधी मोजणी रूढ केली. मागच्या चार वर्षांत भरती केलेल्या शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून जास्त चार किंवा पाच ताऱ्यांची असतील, तरच तो संघ राष्ट्रीय विजेता होऊ शकतो. या कसाला अलीकडे दरवर्षी जेमतेम पंधरा-अठरा संघ उतरतात, आणि २०२४ च्या हंगामापर्यंत वर्षानुवर्षे विजेता त्यांच्यातूनच निघाला. २०२२ च्या हंगामात टीसीयू हा कमी ताऱ्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा आम्हा मित्रांना वाटले की नियम मोडणार. जॉर्जियाने त्यांना ६५-७ असे चिरडले.

उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. टेक्सास ए अँड एमने २०२२ साली जी मुले घेतली, ती ताऱ्यांच्या हिशेबात आजवरची सर्वोत्तम तुकडी मानली गेली. त्याच वर्षी संघ पाच सामने जिंकला आणि सात हरला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढले, आणि करार मोडण्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम विद्यापीठाच्या माथी आली.

आणखी एक गोष्ट याद्या वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. अलाबामा किंवा जॉर्जियाने एखाद्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली की पाठोपाठ त्याचा ताराही वाढतो. म्हणजे तारे देणारे पुष्कळदा मोठ्या प्रशिक्षकांचीच पारख नव्याने छापत असतात. शिवाय सतरा वर्षांच्या पोराचे अंग अजून भरायचे असते. पुढे व्यावसायिक लीग गाजवणारा जे. जे. वॉट शाळेत दोन ताऱ्यांचा होता. पहिले विद्यापीठ सोडल्यावर तो काही काळ घरोघर पिझ्झा पोहोचवत होता, मग शिष्यवृत्तीशिवाय विस्कॉन्सिनच्या संघात शिरला. पुढे व्यावसायिक क्वार्टरबॅक झालेला, कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन प्रशिक्षकांना ईमेल पाठवत राहिला, आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतले.

पण मला सांगायचे आहे ते प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्याबद्दल. २००७ ते २०१० या काळात ते मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली अलाबामात होते, आणि खेळाडूंच्या भरतीचे काम त्यांच्याकडे होते. २००८ ची जुलिओ जोन्स, मार्क इंग्रम यांची तुकडी त्याच दिवसांतली, आणि २००९ चे राष्ट्रीय विजेतेपद तिच्याच जोरावर आले. म्हणजे ताऱ्यांची ताकद या माणसाइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली असेल. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ते सोडले आणि कमी पगारावर एका छोट्या विद्यापीठाचा संघ घेतला. त्या विद्यापीठाच्या नावातही इंडियानाच आहे, कारण पेनसिल्व्हेनियात इंडियाना नावाचे एक गाव आहे. त्यांचे वडीलही पूर्वी तिथेच प्रशिक्षक होते. तिथून इलॉन, मग जेम्स मॅडिसन. शिष्यवृत्त्या मोजक्या आणि तारेवाला मुलगा दारात येणार नाही, अशा जागी त्यांनी बारा-तेरा वर्षे काढली.

२०२३ च्या अखेरीस ते आमच्या ब्लूमिंग्टनला आले. त्या हंगामात इंडियाना नऊ सामने हरली होती. एका हंगामात दहा विजय तिला शतकाहून जुन्या इतिहासात कधी जमले नव्हते. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू बरोबर आणले. आता खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे सोपे झाले आहे, आणि त्यांनी नेमके हेच दार वापरले. सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगकाठीवर पैज लावण्याऐवजी, एकवीस-बावीस वर्षांच्या गड्याने प्रत्यक्ष सामन्यात काय केले ते बघायचे. पहिल्याच वर्षी अकरा विजय आले.

२०२५ च्या ऑक्टोबरात यूसीएलएविरुद्धचा सामना पाहायला मी मुद्दाम ब्लूमिंग्टनला गेलो. इंडियानाने ५६-६ असा विजय मिळवला. जिथे मी रिकाम्या बाकांवर पाय पसरून बसलो होतो, तिथे आता शेजाऱ्याचा खांदा खांद्याला घासत होता.

क्वार्टरबॅक होता फर्नांडो मेंडोझा. मायामीतल्या ख्रिस्तोफर कोलंबस शाळेचा मुलगा, दोन ताऱ्यांचा. आधी येलला जायचे ठरवलेला, मग कॅलिफोर्नियात खेळून इकडे आलेला. त्याच हंगामात त्याने विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी जिंकली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत इंडियानाने रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ हरवले, त्यानंतर ओरेगनला ५६-२२. १९ जानेवारी २०२६ चा अंतिम सामना मेंडोझाच्याच गावाशेजारी, मायामी गार्डन्समध्ये होता, आणि समोर होता मायामीचा संघ. त्या संघाचे प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल हेही कोलंबस शाळेचेच माजी विद्यार्थी. शेवटच्या सत्रात इंडियाना तीन गुणांनी पुढे होती. चौथा आणि अखेरचा प्रयत्न, गोलरेषा बारा यार्डांवर. मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन धावला, आदळला, कलंडला आणि झेप घेऊन रेषेपार गेला. मी घरात एकटाच उभा राहून ओरडत होतो. निकाल २७-२१, हंगाम १६-०.

इलियटच्या कसाला हा संघ जवळपासही उतरत नव्हता. म्हणून ती मोजणी टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. ती फक्त शाळेतून आलेली मुले मोजते, आणि इंडियानाचे कणखर गडी दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले होते. शाळकरी मुलांवर उभ्या राहिलेल्या संघाबद्दल तारे अजूनही सर्वांत भरवशाची खूण आहेत. अनुभवी खेळाडू बाहेरून आणून बांधलेल्या संघाबद्दल त्यांच्यावर विसंबू नये.

तुमचे कुणी इंडियानात राहत असेल, तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ब्लूमिंग्टनला जरूर जा. झाडे तांबडी झालेली असतात. तिकीट मात्र आता आधीच काढावे लागते.