वळणाआडची वाट

जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून नाव सुटते तेव्हा नर्मदा चांगली ऐसपैस असते. थोडं आत गेलं की दोन्हीकडचे संगमरवरी कडे जवळ येऊ लागतात. मग एक जागा अशी येते की समोरही कडाच दिसतो आणि नदी इथंच संपली असं वाटतं. यमकं जुळवत गोष्टी सांगणारा नावाडी क्षणभर गप्प होतो. पुढच्याच वल्ह्याला नाव वळते आणि वाट उघडते. ती वाट आधीपासून तिथंच होती, आपल्याला दिसत नव्हती एवढंच.

थरारपटाचा सगळा कायदा या एका वळणात आहे. प्रेक्षकाला पुढचं दिसू द्यायचं नाही. पण वळण आलं की ‘ही वाट इथंच होती की!’ असं त्याला वाटलं पाहिजे. ऐनवेळी कडा फोडून काढलेली वाट त्याला चालत नाही.

ही कला समजून घ्यायला जबलपूरहून फार लांब जावं लागत नाही. या शहराची एम्पायर टॉकीज ज्यांच्या मालकीची होती, ते अभिनेते प्रेमनाथ हिंदीतल्या दोन गाजलेल्या थरारपटांचे खलनायक होते. 1966 चा ‘तीसरी मंझिल’ आणि 1970 चा ‘जॉनी मेरा नाम’. दिग्दर्शक दोन्हींचा एकच, विजय आनंद. तरीही हे दोन चित्रपट आपल्याला दोन वेगळ्या रीतींनी धरून ठेवतात.

‘तीसरी मंझिल’ची सुरुवातच एका मृत्यूनं होते. मसुरीतल्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून एक तरुणी खाली पडते. तिच्या बहिणीचा, म्हणजे आशा पारेखचा, संशय हॉटेलातल्या ड्रमरवर, शम्मी कपूरवर असतो. इथं थरारपटाचा पहिला संकेत, म्हणजे अलिखित नियम, येतो: निरपराध माणसावरचा आळ. नायकाला पोलिसांपासूनही वाचायचं असतं आणि खरा गुन्हेगारही शोधायचा असतो. दुसरा संकेत फसव्या संशयाचा. प्रेम चोप्रा वावरतात तेच अशा नजरेनं की आपलं बोट आपसूक त्यांच्याकडे वळतं. तिसरा संकेत सर्वांत कडक आहे. खुनी शेवटच्या रिळात बाहेरून आणायचा नाही, तो पहिल्यापासून आपल्यासमोर वावरत असला पाहिजे. सभ्य, मनमिळाऊ कुंवरसाहेब झालेले प्रेमनाथ असेच समोर असतात. साठ वर्षं होत आली, आता त्यांचं नाव सांगायला हरकत नाही.

ही झाली रहस्यपटाची रीत. तिथं प्रेक्षकाला नायकापेक्षा जास्त काही कळू दिलं जात नाही. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये नेमकं उलटं घडतं. लहानपणी ताटातूट झालेले दोन भाऊ मोठे होऊन समोरासमोर येतात. देव आनंद पोलिसांचा गुप्त अधिकारी असतो, तर प्राण गुन्हेगारांच्या टोळीत. त्यांचं नातं त्यांना ठाऊक नसतं, आपल्याला असतं. त्यामुळे एकानं दुसऱ्यावर हात उगारला की पडद्यावरच्या माणसांपेक्षा आपलाच जीव जास्त खालीवर होतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं समजावला होता. चार माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक 15 सेकंद दचकतो. बॉम्ब ठेवलेला त्याला आधी दाखवला आणि मग त्याच साध्या गप्पा ऐकवल्या, तर तो 15 मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसतो. दचकवणं सोपं, जीव टांगणीला लावणं अवघड. थरारपटाचं कौशल्य माहिती लपवण्याइतकंच ती नेमकी कुणाला, कधी द्यायची यातही असतं.

मराठीनं ही विद्या या दोन हिंदी चित्रपटांआधीच आत्मसात केली होती. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर राजा परांजपे यांनी 1964 साली ‘पाठलाग’ काढला. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्याच चेहऱ्याची बाई समोर उभी राहते आणि मीच तुमची पत्नी म्हणते. काशिनाथ घाणेकरांच्या नायकाबरोबर आपणही हो आणि नाही यांच्यामध्ये अडकतो. इथं प्रश्न गुन्हा कुणी केला याच्याही पुढे जातो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की आठवणीवर, असा तो होतो. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावर हिंदीत ‘मेरा साया’ केला. उत्तम थरारपटात रहस्याच्या तळाशी असा एक माणसाचा प्रश्न असतोच. तो नसेल तर उरतात फक्त धावणाऱ्या गाड्या आणि कर्कश पार्श्वसंगीत.

म्हणून या संकेतांना साचा म्हणून हिणवणं मला पटत नाही. कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान येणार हे ठाऊक असतं, तरी आपण रंगून ऐकतो. थरारपटातही निरपराध नायक, फसवा संशयित, डोळ्यांसमोरचा खुनी हे सारं ठाऊक असतं. चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक खेळासाठी आत जाणाऱ्याला खुन्याचं नाव सांगत नाही, हाही चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यातल्या कराराचा भाग. त्या एका मौनात अनोळखी माणसं एकमेकांचा आनंद जपतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

भेडाघाटची नाव परतताना पुन्हा त्याच कड्यांमधून येते. आता कोपरा कुठं आहे, पाणी कुठून वळतं, हे आपल्याला कळलेलं असतं. तरीही आपण पाहत राहतो, किंबहुना जास्त लक्ष देऊन पाहतो. ‘तीसरी मंझिल’ दुसऱ्यांदा बघा. शम्मी कपूरवरून नजर काढा आणि पहिल्या भेटीपासून कुंवरसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहा. वाट तिथंच आहे.