काळ्या घोड्याचा बखरकार

मुंबईत काळा घोडा भागातल्या वाहतूक बेटावर एक गावठी कुत्रा भल्या पहाटे ऐसपैस पडलाय आणि आपली वंशावळ सांगतोय. आईकडून आपण विलायती, असं त्याचं म्हणणं. १८६४ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना मुंबईत कोल्ह्यांची शिकार सुरू करायची हुक्की आली, म्हणून त्यांनी इंग्लंडहून तीस शिकारी कुत्री मागवली. बोटीचा लांबचा प्रवास आणि इथली हवा, दोन्ही मिळून बाकी सगळ्यांना भोवली. एक कुत्री तेवढी तगली. हा तिच्या वंशातला. वडिलांकडून घराणं त्याहून जुनं, थेट धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या वाटेवर चाललेल्या कुत्र्यापर्यंत पोचणारं. अंगावरचे काळे डाग म्हणजे सतराव्या शतकातला मुंबईचा नकाशा, सात बेटं अजून जोडायची राहिलेली.

अरुण कोलटकरांची ‘पाय-डॉग’ ही इंग्रजी कविता अशी आहे. फ्रिअर म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला गेला आणि शहर बाहेर पसरायला मोकळं झालं ते. इतिहासाची पुस्तकं त्यांच्या नावावर बांधकामं मांडतात. कोलटकरांनी त्यांची फसलेली हौस उचलली आणि तिचं जे काही रस्त्यावर उरलं, त्याच्या तोंडून शहराची हकिगत सांगितली.

कोलटकर कवी म्हणून मोठे, यात वाद नाही. पण पोटासाठी जाहिरातीच्या धंद्यात राहिलेल्या या कोल्हापूरच्या माणसानं आपल्या समाजाचा इतिहासही लिहून ठेवला आहे. त्या अंगानं त्यांना अजून पुरेसं वाचलेलं नाही.

जन्म कोल्हापूरचा, १ नोव्हेंबरचा. वडील शिक्षण खात्यात अधिकारी, घर एकत्र कुटुंबाचं. त्या घराचं वर्णन कोलटकरांनीच केलं आहे: पत्त्यांचा बंगला असावा तसं, खाली पाच खोल्या, त्यावर तीन, सगळ्यात वर एक. जमीन दर आठवड्याला शेणानं सारवायची. शाळा राजाराम हायस्कूल, शिक्षण मराठीतून. गावात आबालाल रहिमान यांच्यापासूनची चित्रकारांची परंपरा होती, आणि बाबूराव पेंटर तर आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत. चित्र काढून ते चारचौघांसमोर रस्त्यावर लावायचं, यात कोल्हापूरला कमीपणा वाटत नव्हता. पुढे नावाजलेले चित्रकार बाबूराव सडवेलकर हे कोलटकरांचे बालमित्र. १९४९ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध कोलटकर मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. शिक्षण मध्येच सुटलं आणि पदविका हाती पडायला १९५७ साल उजाडलं.

मधली वर्षं ओढाताणीची गेली. मग जाहिरात आली. साठीच्या दशकात ते आर्ट डायरेक्टर म्हणून स्थिरावले. लिंटाससारख्या एजन्सीत काम केलं, कर्सी कत्राक यांच्या एमसीएममधल्या गाजलेल्या चमूत राहिले. जाहिरात-कलावंतांच्या ‘कॅग’ संघटनेचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. धंद्यातले लोक त्यांना अव्वल मानत आणि त्यांतल्या अनेकांना ते कविता लिहितात याचा पत्ताही नसे.

आर्ट डायरेक्टरचं काम असं, की माणूस पान उलटायच्या आत त्याची नजर धरायची. कशावर बोट ठेवायचं, काय गाळायचं, मोकळी जागा कुठे सोडायची, हे दिवसभर ठरवत बसायचं. ‘जेजुरी’ या त्यांच्या इंग्रजी कवितासंग्रहात हा हात स्पष्ट दिसतो. देवदर्शन आटोपून स्टेशनकडे येताना ज्वारीच्या शेतात कोंबड्या उड्या मारताना दिसतात. कोलटकर त्या नाचाचं वर्णन करत बसत नाहीत. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थाचे इंग्रजी शब्दच पानभर असे उधळून देतात, की डोळ्यांसमोर टाइप उड्या मारू लागतो. ले-आउट करणाऱ्या माणसालाच हे सुचावं.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते धाकटा भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्याबरोबर जेजुरीला गेले होते. पुस्तक निघालं १९७६ मध्ये, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर अशा चौघा कवींच्या ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. श्रद्धा की अश्रद्धा, यावर तेव्हापासून चर्चा झडते आहे. मला त्यात दिसतो साठीच्या दशकातला तीर्थक्षेत्राचा व्यवहार. एसटीची वाट बघणारा पुजारी, पन्नास पैशांसाठी मागे लागणारी म्हातारी, पडक्या देवळात व्यालेली कुत्री आणि तिची पिल्लं. यशवंतराव हा दुय्यम दर्जाचा देव, हात ना पाय, त्याची जागा देवळाच्या भिंतीबाहेर. देवांच्या राज्यातली ही उतरंड इतक्या थोडक्यात मांडलेली समाजशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

काळ्या घोड्याशी कोलटकरांचा संबंध जेजुरीहून जुना, उमेदवारीतल्या दिवसांपासूनचा. पुढे दर गुरुवारी दुपारी ‘वेसाइड इन’मध्ये त्यांचा मित्रांबरोबर अड्डा जमे. ज्या पुतळ्यावरून भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. रिकाम्या झालेल्या त्या परिसरात कोण उठतं, कोण अंघोळ घालतं, कोण काय खातं, हे कोलटकर वर्षानुवर्षं टिपत राहिले. कचऱ्याच्या गाडीत चढून पायांनी कचरा दाबणारी झाडूवाली, उंदीर मारायचं औषध विकणारा, रस्त्यावर पोराला खसाखसा न्हाऊ घालणारी बाई ही त्यांची माणसं.

‘ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा’ ही ‘काळा घोडा पोएम्स’ या पुस्तकातली दीर्घ कविता. इडलीवाली येते, ॲल्युमिनियमचा भलाथोरला डबा उघडते आणि फुटपाथवरची मंडळी भोवती जमतात. त्याच वेळी कवी शहरभर फिरून येतो. ऑलिम्पियात खिमापाव, कैलास पर्बतला पुरी-भाजी, नूर मोहमदीत नळी निहारी, मिलिटरी कॅफेत ब्रून मस्का, वेसाइड इनमध्ये अंडी आणि बेकन. सिंधी, मुसलमान, इराणी, साहेबी वळणाचे, सगळे एका न्याहारीत येतात. मुंबई कोणी वसवली याचं उत्तर इतक्या चविष्ट रीतीनं दुसऱ्या कोणी दिल्याचं मला माहीत नाही. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं, म्हणजे फ्रिअरच्याच काळातलं. रस्ते, बाजार, जाती, धंदे, सगळं त्यांनी निगुतीनं नोंदवलं. कोलटकरांची पुस्तकं त्याच फळीवर ठेवायला हवीत.

मराठीतलं कामही याच जातीचं. ‘चिरीमिरी’त बळवंतबुवा भेटतात. भजनं गाणारे आणि आठवणींची पोतडी असलेले हे बुवा वेश्यांना पंढरपूरच्या वारीला घेऊन जातात. कोलटकरांनी बुवांचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि त्या बोलण्याचा बाज कवितेत जसाच्या तसा उतरवला. मौखिक इतिहास गोळा करणारे अभ्यासक याहून वेगळं काय करतात? ‘भिजकी वही’चा आवाका त्याहून मोठा. हायपेशिया, कण्णगी, राबिया, व्हिएतनामच्या युद्धातल्या छायाचित्रातली किम अशा देशोदेशींच्या बायकांच्या अश्रूंनी भिजलेली ही वही आहे.

‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये आल्या. त्यानंतर पाव शतकभर त्यांचा मराठी संग्रह नाही. कोलटकर मुलाखती देत नसत, घरी फोन नव्हता. मग २००३-०४ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’नं ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’, ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ अशी पाच पुस्तकं पाठोपाठ काढली. कोलटकर तेव्हा कर्करोगानं आजारी होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात ते गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये. ‘जेजुरी’ त्यांच्याच मराठी शब्दांत वाचायला मिळाली तीही त्यांच्यामागे, ‘प्रास’मुळेच.