हंगामाचे गणित

पाऊस सरला की आपल्या बीड जिल्ह्यातील बाजारांत सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. हंगामात सीताफळ स्वस्त मिळते. परदेश प्रवासाचे मात्र उलटे आहे. तो हंगामात महाग होतो. असे का होते, ते आपण उमराहच्या प्रवासावरून समजून घेऊ.

हंगामात झाडाला फळे भरपूर लागतात, म्हणून भाव उतरतो. विमानातील जागा आणि मक्केतील हॉटेलांच्या खोल्या झाडाला लागत नाहीत. त्यांची संख्या एकाएकी वाढत नाही. मागणारे वाढले की दर चढतो. दिवाळीत पुण्याहून बीडकडे येणाऱ्या खाजगी बसचे भाडे वाढते, तेही याच कारणाने. 'हंगाम' हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे. तुम्हांला उर्दूतील 'हंगामा' ठाऊक आहेच. प्रवासात हंगाम आणि हंगामा बरोबरच येतात!

हजचे दिवस ठरलेले असतात. तेथे निवड नसते. उमराह मात्र वर्षातील बहुतेक काळ करता येतो. म्हणून 'केव्हा जावे?' हा प्रश्न पडतो. रमजानमध्ये, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत, जगभरातून लोक येतात. तेव्हा खर्च सर्वांत जास्त असतो. दिवाळीच्या व नाताळच्या सुट्ट्यांतही तिकिटे महागतात. हज संपल्यानंतर मोहरम आणि सफर या महिन्यांत गर्दी ओसरते. तेव्हा दर बहुधा उतरतात.

मग स्वस्ताईचा इंग्रजी महिना कोणता? याचे कायमचे उत्तर देता येत नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०१६ साली रमजान जूनमध्ये सुरू झाला होता, तर २०२५ साली मार्चमध्ये. २०३० साली तो दोनदा सुरू होईल : एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

स्वस्ताईलाही किंमत असते. २०२५ साली मोहरम व सफर हे महिने जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत आले. तेव्हा मक्केत कडक उन्हाळा असतो. १७ जून २०२४ रोजी, हजच्या दिवसांत, तेथे तापमान ५१.८ अंश सेल्सिअसवर गेले. त्या हजमध्ये १,३०१ यात्रेकरू मरण पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील बरेच जण भर उन्हात, निवाऱ्यावाचून, दूरवर चालले होते.

तुमच्या घरी दादी उमराहसाठी पैसे साठवत असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात हिजरी महिने लिहा, दुसऱ्यात आपल्याकडील सुट्ट्या आणि तिसऱ्यात मक्केतील हवामान. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळच्या सुट्टीपर्यंत तेथील हवा सौम्य असते. त्या आठवड्यांचे दर उन्हाळ्यातील दरांशी ताडून पाहा. हॉटेल हरम शरीफपासून किती दूर आहे, हेही विचारा. स्वस्त खोली लांब असेल, तर दादींना रोज तेवढे चालावे लागेल. दिलेल्या पैशांची पावती घ्यायला विसरू नका.

सर्वांत कमी दर ज्या महिन्यात असतो, तोच महिना प्रत्येकाला सोयीचा असतो असे नाही. तरुणाला जे ऊन सोसेल, ते दादींना सोसेलच असे नाही. म्हणून हिशेब करताना पैशांबरोबर माणसाची प्रकृतीही मोजावी.