डिस्ट्रिब्युटरचं तेल आणि टायमिंगचा घोळ

बार्शीहून येडशीकडे बालाघाट चढताना जुनी, कार्बोरेटरची मारुती ८०० खरी कळते. पिकअप किती उरलाय, इंजिन नॉक करतंय का, सगळं चढावर उघडं पडतं. अशा गाडीच्या डिस्ट्रिब्युटरखाली तेलाचा ओघळ दिसला, की मालकाला कोणीतरी हमखास सांगतं, ‘इंजिन कामाला आलंय.’

बहुतेक वेळा आलेलं नसतं. डिस्ट्रिब्युटरचा दांडा इंजिनातल्या गिअरवर फिरतो, म्हणजे तिथे तेल असणारच. ते बाहेर येऊ नये म्हणून खोबणीत रबराची ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होते, चपटी होते आणि तेल झिरपू लागतं. पिस्टनच्या रिंगा, बोअर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. फक्त एक पाहायचं. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळत असेल, तर तेच तेल उतरून डिस्ट्रिब्युटरवर येतं आणि नाव याचं होतं. म्हणून आधी सगळं पुसून, गाडी थोडी फिरवून, ओघळ नेमका कुठून सुरू होतो ते बघा.

मग झाकण काढा. बाहेर तेल आणि आत कोरडं असेल, तर ओ-रिंगवर भागतं. रोटरखाली तेल असेल, तर दांड्यावरचं आतलं ऑइल सील गेलंय. रोटर धरून हलवल्यावर दांडाच आडवा डुलत असेल, तर बुश झिजलेत. तिथे नवं सील घालून पैसे वाया जातात, डिस्ट्रिब्युटरच बदलावा. बाहेरून सीलंट फासणारेही भेटतात. तेलकट धातूवर ते धरत नाही, आणि पुढे टायमिंग लावताना बॉडी जाम झालेली सापडते.

‘थोडं तेल गळलं तर बिघडतं काय?’ बाहेर गळलं तर फार नाही, पातळी तपासत राहा. झाकणाच्या आत मात्र तेलावर कार्बनची भुकटी चिकटते, करंटला आडवाट मिळते आणि मिसिंग सुरू होतं. प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंटच्या गाड्यांत तर पॉइंटच जळून काळे पडतात. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज पुढेच आहे. जुना डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी खूण केली आणि नवा त्याच खुणेवर बसवला, की टायमिंग बरोबर! खूण करावीच, पण ती गाडी सुरू होण्यापुरती. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. ९०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५.४ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. वेगाप्रमाणे आणि इंजिनवरच्या भाराप्रमाणे ठिणगी आणखी आधी आणायचं काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा डबा करतात. आपण लावतो ते फक्त मूळ टायमिंग. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे बॉडी १ अंश हलली की टायमिंग २ अंश हलतं. बॉडीचा व्यास ६० मिलिमीटर धरला, तर १ अंश म्हणजे काठावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. खडूची रेघच त्याहून जाड असते. शिवाय नव्या डिस्ट्रिब्युटरची आतली जुळणी जुन्यासारखीच असेल, हे कशावरून?

खूणच केली नसेल तर आणखी एक फसगत होते. पहिला पिस्टन वर आला म्हणजे तो फायरिंगवरच आला, असं नाही. फोर स्ट्रोक इंजिनात तो दोनदा वर येतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवेचा दाब लागतो का ते पाहायचं. चुकलं तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडते. गिअरचे दाते तिरके असल्यामुळे बसवताना रोटर थोडा फिरतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

‘आमचा मिस्त्री कानाने लावतो.’ कान नॉकिंग ओळखतो, हे मान्य. पण स्लोला टायमिंग पुढे घेत गेलं की इंजिन आधी वेगात आणि गोड वाजतं, म्हणून कान नेहमी जास्त ॲडव्हान्सकडे ओढतो. ‘ॲव्हरेज वाढतं’ म्हणून मुद्दाम पुढे घेणारेही आहेत. हद्दीच्या पुढे गेल्यावर ॲव्हरेज वाढत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, भरल्या गाडीने घाट चढताना नॉकिंग होतं आणि पिस्टन मार खातो. उलट फार मागे ठेवलं तर ओढ जाते, इंजिन तापतं.

डिस्ट्रिब्युटर काढल्याने टायमिंग बेल्ट हलत नाही. त्याचा खर्च कोणी या कामात जोडला तर कारण विचारा.

टायमिंग लावायचं काम असं होतं. इंजिन गरम, स्लो ठरलेल्या आरपीएमवर, मॅन्युअलमध्ये असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून बुजवलेली. टायमिंग लाइटची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरवर लावायची आणि फ्लायव्हील किंवा पुलीवरची खूण त्या उजेडात पाहत बॉडी फिरवायची. अंश किती, ते गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गाडीवरून नको.

बोल्ट आवळताना बॉडी पुन्हा सरकते. म्हणून आवळल्यानंतर लाइट परत लावायला सांगा, खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मगच पैसे द्या.