हरिणाला कोणती गोळी?



छिंदवाड्याहून नागपूरकडे येणारी सडक सिल्लेवानीचा घाट उतरून सौसरच्या सपाटीला लागते, त्या भागात कन्हान नदीच्या काठी रामाकोना हे गाव आहे. संत्री आणि कपाशी पिकविणारे हे मराठी बोलणारे गाव २०२३ सालापासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, पूर्वेस पेंचचे अरण्य. अशा मुलखात शिकारीच्या गोष्टी निघाल्या की एक वाद हटकून उपस्थित होतो : हरिणाला गोळी कोणती योग्य? कोणी नळीच्या व्यासाची थोरवी गातो, कोणी काडतुसाच्या जोराची. शिकार बंद झाली, पण वाद मिटला नाही. त्याचा उलगडा करण्यासारखा आहे. कारण हा प्रश्न दिसतो बंदुकीचा, परंतु मुळात तो आहे जनावराच्या वेदनेचा.

प्रथम व्यास पाहू. आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली रायफल म्हणजे तीनशे पंधरा बोरची. हा आकडा इंचाच्या हजारांशांचा असून मेट्रिक मापाने तो बरोबर ८ मिलिमीटर भरतो. हाच बोर इतका रूढ का झाला? हरिणासाठी तो सर्वोत्तम ठरला म्हणून खचित नव्हे. तीनशे तीन हा बोर लष्कराचा होता. लष्करी काडतुसे आडवाटेने बाहेर पडून वापरली जाऊ नयेत, म्हणून खासगी परवानेदारांना तो निषिद्ध ठेवण्यात आला. तेव्हा त्याच घडणीची, पण निराळे काडतूस घेणारी रायफल पुढे आली. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. म्हणजे शिकाऱ्याच्या हातातील बोर रानाने ठरविला नव्हता, कायद्याने ठरविला होता.

दुसरी गोष्ट गोळीचे वजन आणि वेग. तीनशे पंधराची गोळी सुमारे १६ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. वजन दुप्पट केले तर गोळीची शक्ती दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. चितळाचा नर साधारणपणे ७० ते ९० किलो वजनाचा. सांबराचा नर दोनशे किलोंच्याही वर जातो. चितळाला ही गोळी पुरून उरे. सांबराला पुरे, परंतु अंतर बेताचे असेल तरच. कारण जड आणि मंद गोळी वाटेत लवकर खाली येते. अंतर दुप्पट झाले की तिची घसरण चौपटीहूनही अधिक होते. छातीवर धरलेला नेम मग पायावर उतरतो आणि तीन पायांवर लंगडत जाणारे हरिण झुडपात नाहीसे होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती गोळीच्या घडणीची. संपूर्ण धातूच्या कवचाची गोळी अंगातून सरळ आरपार जाते. जखम बारीक राहते, रक्ताचा माग मिळत नाही आणि जनावर दूर कोठेतरी तासन् तास तडफडत मरते. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली मऊ नाकाची गोळी आत शिरताच पसरते आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा वेध बसला तर प्राण लवकर जातो. येथे इतिहासातील एक विलक्षण विसंगती आढळते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा पसरणाऱ्या गोळ्या तयार झाल्या आणि १८९९ च्या हेग परिषदेने त्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. माणसावर जी गोळी क्रूर मानली गेली, तीच हरिणाच्या बाबतीत दयेची ठरली! याचे कारण उघड आहे. सैनिकाला जायबंदी केले तरी युद्धाचा हेतू साधतो आणि त्याच्यावर उपचारही होऊ शकतात. घायाळ हरिणाला वैद्य नाही.

म्हणूनच जाणत्या शिकाऱ्यांचा एक दंडक असे : ज्याला घायाळ केले, त्याचा माग शेवटपर्यंत काढावयाचा. मोठ्या छर्र्यांच्या काडतुसाने लांबून हरिणावर बार टाकणे त्यांना कमीपणाचे वाटे. कारण छर्रे अंतराबरोबर विखुरतात, एखादा पोटात रुततो आणि उरलेले वाया जातात.

हे सारे आता भूतकाळात जमा झाले आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने परवान्याची वाट अरुंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद केली. शौकाखातर हरिण मारण्यास आज कोणताच बोर योग्य नाही. तरी रानात मरण थांबलेले नाही. चोरून शिकार करणाऱ्याजवळ निवड करण्याजोगे काडतूस नसते. त्याची ठासणीची बंदूक, तारेचा फास किंवा शेताभोवती सोडलेली विजेची तार यांना चितळ आणि सांबर यांतील भेद कळत नाही. विजेच्या तारेला तर हरिण आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतलाही भेद कळत नाही.

रात्रभर मळ्यात जागणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवितात, तेव्हा संयमाचा उपदेश ऐकणे कठीण जाते. पण त्यावरचा उपाय चोरट्या तारेत नाही. कुंपण, राखण, नुकसानभरपाईचा रीतसर अर्ज आणि वनखात्याची परवानगी यांतूनच तो काढावा लागेल. ज्या पेंचच्या अरण्यात एके काळी बंदुकीचे बार घुमत, तेथून आज चितळांचे कळप नरसाळ्यासारख्या आडोशातून हळूहळू गाडीत चढवून दुसऱ्या जंगलात नेले जातात. हरिण हे भेदरट जनावर. धरपकडीच्या नुसत्या धास्तीनेही ते दगावते. म्हणून तेथे माणसाने दिसूही नये, अशी व्यवस्था असते.

जुना शिकारी कमीत कमी वेदना देणारी गोळी शोधीत होता. आपण तोच शोध पुढे चालविला, तर गोळीची गरजच उरत नाही.