रक्ताच्या दप्तरातील फेरफार

कळवणच्या तहसील कचेरीत वारसाची नोंद लावून घेण्यासाठी खेटे घालणाऱ्या मनुष्याला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हे काय प्रकरण आहे ते निराळे सांगावे लागत नाही. जमीन बापाकडून मुलाकडे केव्हा आली, वाटण्या कशा पडल्या, खरेदीखत कोणी कोणास करून दिले, याचा सारा माग त्या वहीत लागतो, आणि सातबाऱ्यावरील आजच्या नावामागे किती पिढ्यांची उलथापालथ दडलेली आहे हे तेथेच उमगते. मनुष्याच्या रक्ताचेही असेच एक दप्तर आहे. वाहन परवान्यावर छापलेला ‘ओ पॉझिटिव्ह’ हा शेरा आपण केवळ अपघातसमयी उपयोगी पडणारा तपशील समजतो. वस्तुतः तो सातबाऱ्यासारखा आजचा उतारा आहे, आणि त्याच्या मागील फेरफारांवर बहुधा रोगांचीच सही आहे.

1901 साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी ज्या रक्तगटांचा उलगडा केला, ते म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळ्यांतील किंचित भेद होत. ‘एच’ नावाचा एक पाया असतो. त्यावर एक शर्करा चढली की ‘ए’, दुसरी चढली की ‘बी’, दोन्ही असल्या की ‘एबी’, आणि काहीच चढले नाही तर ‘ओ’. परंतु हा पायाच ज्यांच्या रक्तात नाही, अशी माणसे मुंबईत सापडली, आणि वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1952 साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासते, पण प्रत्यक्ष ‘ओ’ गटाचे रक्तही त्यास चालत नाही. युरोपात दहा लाखांत एखादा आढळणारा हा ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. मला यातील खरी नवलाची गोष्ट वाटते ती ही, की रक्त चढविण्याची वेळ येईपर्यंत या मंडळींचे काहीएक अडत नाही. ती तुमच्या-आमच्यासारखीच धडधाकट असतात. मग ज्या शर्करांवाचून देहाचा दैनंदिन कारभार सुरळीत चालतो, त्यांचे इतके प्रकार निसर्गाने पिढ्यानपिढ्या का बाळगून ठेवले असावेत?

उत्तराचा एक धागा पटकीपाशी सापडतो. पटकीचा कोप टळावा म्हणून ज्या काळी गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत, आणि यात्रा व पटकी यांची सोबत सरकारी दप्तरांत वारंवार नोंदली जात असे, त्या काळी कोणाचा जीव जाणार आणि कोण तगणार हा दैवाचा खेळ समजला जाई. परंतु त्या खेळात रक्तगटाचाही थोडा हात होता. ‘ओ’ गटाच्या माणसांना पटकीची लागण अधिक होते असे नाही, मात्र झालीच तर जुलाबांचा जोर त्यांच्यात अधिक असतो, हे बांगलादेशातील रुग्णांच्या निरीक्षणांत दिसून आले आहे. आणि जेथे पटकी शतकानुशतके ठाण मांडून बसली, त्या गंगेच्या मुखाकडील प्रदेशात ‘ओ’ गटाचे प्रमाण कमी आढळते, हा अनेक शास्त्रज्ञांना निव्वळ योगायोग वाटत नाही. उलटपक्षी, घातक प्रकारच्या हिवतापात बाधित पेशी इतर तांबड्या पेशींना स्वतःभोवती चिकटवून घेऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात, त्या वेळी ‘ओ’च्या पेशी तितक्या घट्ट चिकटत नाहीत, आणि ज्या गटाला पटकीने गांजले त्यालाच हिवताप काहीसा सोडून देतो. सर्व आघाड्यांवर बाजी मारील असा गट नाही. म्हणूनच सारे टिकले.

‘ए’ गटात जठराचा कर्करोग किंचित अधिक आढळतो हे 1953 साली इंग्लंडात दाखविले गेले. ‘ओ’ गटात रक्त गोठविणारा एक घटक सुमारे पाव हिश्शाने कमी असल्याने शिरांत गुठळ्या होण्याची भीती थोडी कमी. पण हे हिशेब हजारो माणसांचे आहेत, एकट्या-दुकट्याचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही; आणि रक्तगट पाहून कोणी काय जेवावे हे सांगणाऱ्या पुस्तकांना तर काडीचा आधार नाही.

कळवणकरांनी खरोखर लक्ष द्यावे असा फेरफार निराळाच आहे. ज्या 1952 साली मुंबईचा रक्तगट जगापुढे आला, त्याच साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेलची नोंद झाली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी (नमुनाही सहावा, जागाही सहावी!) एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढाच हा फरक. तो आई-बापांपैकी एकाकडूनच आला, तर मूल केवळ वाहक होते, निरोगी राहते, आणि घातक हिवतापापासून त्याचे सुमारे 90 टक्के रक्षण होते. दोघांकडून आला, तर प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकतात, वाहिन्यांत अडकतात, हाडे असह्य ठणकतात आणि रक्तक्षय पाठ सोडत नाही. हिवतापाच्या रानावनात पूर्वजांनी जी ढाल मिळविली, तिचेच हे देणे नातवंडांना फेडावे लागते. आदिवासींत आढळणारा हा वारसा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातही आहे. त्यात त्यांचा दोष नाही, की कमीपणाही नाही.

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणी रुग्ण मूल जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. तेव्हा सोयरीक पक्की करण्यापूर्वी दोन्ही घरांनी मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. पहिल्या चाचणीस बोटातील रक्ताचा थेंब पुरतो, आणि सरकारी दवाखान्यात तिचे पैसे पडत नाहीत.